नाशिकमध्ये क्लाइंबिंग जिम निवडताना नेमकं काय बघायचं?

निशिगंध
नमस्कार मंडळी,
पावसाळ्यात कातळावर चढाई होत नाही आणि घरात बसवत नाही. म्हणून यंदा मी आणि माझी लेक (वय ११) अशा दोघींनी इनडोअर क्लाइंबिंग शिकायचं ठरवलंय. गडकिल्ले मी बऱ्यापैकी फिरलेय. हरिहर, अंजनेरी, धोडप, साल्हेर झालेत. पण दोर लावून म्हणाल तर एका शिबिरातलं रॅपलिंग, तेवढंच. लेकीला मात्र झाड, गेट, खिडकीचे गज, जे दिसेल त्यावर चढायची हौस आहे.

दोन जागा बघून आले. नावं मुद्दाम लिहीत नाही, कुणाची जाहिरातही नको आणि बदनामीही नको. पहिली एमआयडीसीच्या बाजूला मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. भिंत उंच, दोर लावलेले, होल्डचे (भिंतीवर बसवलेल्या पकडींचे) रंग उडालेले, शिकवणारे दोघं जुने गिर्यारोहक. दुसरी गंगापूर रोडकडे, नवी कोरी. तिथे फक्त बोल्डरिंग, म्हणजे दोर नाही, खाली जाड गाद्या. एसी आहे, कॉफी मिळते. घरापासून हीच जवळ. फी दोन्हीकडे जवळपास सारखी, पण नव्या जागेवाले वर्षाचे पैसे एकदम भरले तर मोठी सूट देतायत आणि ऑफर रविवारपर्यंतच आहे म्हणतायत.

मला पुढे सुळक्यांवर जायचंय. लेकीला गोडी लागली तर तिला स्पर्धांना पाठवायचंय. काय बघून ठरवू? उंची? जवळ असणं? शिकवणारे? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा, प्लीज.

सातपूरकर
ताई, रविवारपर्यंतची ऑफर सोमवारीही असते. महिन्याचे भरा, नाहीतर एका दिवसाचे. वर्षाचे आत्ता अजिबात नको.

कातळवेडा
दोन्ही ठिकाणी पुन्हा एकदा जा, पण चढायला नको, नुसतं बघायला. संध्याकाळच्या गर्दीत तासभर बाकावर बसा. वर चढणाऱ्यांकडे बघू नका, खाली उभे असतात त्यांच्याकडे बघा.

दोराच्या भिंतीवर वरच्याचा जीव बिले देणाऱ्याच्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याच्या हातात असतो. त्याचा ब्रेकचा हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये. ग्रीग्रीसारखं उपकरण झटका बसला की दोर पकडतं, म्हणून काही जण बिनधास्त हात सोडून मोबाइल बघतात. अशाला तिथला प्रशिक्षक टोकतो का, हे बघा. टोकत असेल तर जागा चांगली. प्रशिक्षक स्वतःच तसं करत असेल तर तिथून उठा आणि परत जाऊ नका.

मग हे बघा की जमिनीवरून पाय उचलायच्या आधी दोघं एकमेकांचं तपासतात का. आठाची गाठ नीट बसलीय का, हार्नेसचा (कमरेला बांधायच्या पट्ट्यांचा) पट्टा बकलातून पुरता गेलाय का, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) लॉक फिरवलंय का, उपकरणात दोर सुलटा आहे का. दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे. नवशिके करतातच, कारण त्यांना करायला लावतात. सराईत माणसंही रोज न चुकता करतायत का, यावरून त्या जिमची शिस्त कळते.

रंग उडालेल्या होल्डची काळजी करू नका. दोर मात्र हातात घेऊन बघा. थोडा थोडा बोटांत दुमडत पुढे सरका. चांगल्या दोराची दुमड गोल राहते. एखाद्या जागी ती एकदम चपटी पडली किंवा आतला गाभा मऊ, पोकळ लागला, तर तो दोर बाद. कंपन्या न वापरलेल्या दोरालासुद्धा साधारण १० वर्षांची कमाल मर्यादा देतात. जिममध्ये रोज घासला जाणारा दोर त्याच्या कितीतरी आधी बदलावा लागतो. शेवटचा कधी बदलला विचारा आणि नोंदवही दाखवायला सांगा. वही ठेवणारे लोक ती आनंदानं दाखवतात.

बोल्टनट
कातळवेडा यांनी खालच्या माणसांबद्दल लिहिलं, मी भिंतीच्या मागे काय बघायचं ते लिहितो. अंबडला फॅब्रिकेशनमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे माझी नजर तिकडेच जाते.

भिंत म्हणजे लोखंडी सांगाडा आणि त्यावर प्लायवूड. प्लायला मागून टी-नट ठोकलेले असतात आणि समोरून होल्ड एम-१० च्या ॲलन बोल्टनं कसलेला असतो. हात पडल्यावर होल्ड जागच्या जागी फिरला तर बोल्ट सैल आहे. हे कुठेही होऊ शकतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तुम्ही सांगितल्यावर पाच मिनिटांत कुणी ॲलन की घेऊन येतं, की 'तो सोडून बाजूचा धरा' म्हणतं? माझ्या मते जिमची परीक्षा इथेच होते.

मागच्या बाजूला जायला दार आहे का विचारा. असेल तर डोकावून बघा. पत्र्याची शेड असेल तर पावसात गळते का, सांगाड्याच्या जोडांवर गंज आहे का, प्लायच्या कडा फुगल्यात का. नाशिकच्या पावसात हे सगळं होतं. भिंतीमागची जागा गोदाम म्हणून सामानानं भरलेली असेल तर तिथे तपासायला कुणी जात नाही, असं खुशाल समजा.

युरोपात कृत्रिम भिंतींसाठी ईएन १२५७२ हे मानक आहे. त्याचे तीन भाग: दोराच्या भिंती, बोल्डरिंगच्या भिंती आणि होल्ड. भिंत कुणी डिझाइन केली, भाराचं गणित कुणी केलं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कारखान्यात क्रेन बसवताना आपण विचारतोच की.

डोंगरआजोबा
माझं मत थोडं वेगळं आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहून बंद खोलीत प्लास्टिक कशाला धरायचं? आम्ही कातळावरच शिकलो.

भिंतीवरचा होल्ड म्हणजे ताटात वाढलेलं जेवण आहे. रंग बघितला की हात टाकायचा. आपला बेसॉल्ट तसा नाही. लाव्हाचे थर एकावर एक, मध्ये ठिसूळ पट्टे, वर वाळलेलं गवत. इथे पकड धरायच्या आधी तळव्यानं ठोकून बघावी लागते. पोकळ आवाज आला की सोडायची. पकड खाली दाबायची, बाहेर ओढायची नाही. माथ्याजवळची माती हातात येते. कड्यावर आग्या मोहोळ कुठे आहे हे आधी दुर्बिणीनं बघून ठेवायचं, आणि असेल तर मुकाट्यानं परत यायचं. यातलं काय शिकवणार जिम?

उनाडपाखरू
आजोबा, तुमचं सगळं खरं. पण जूनपासून दिवाळीपर्यंत तो बेसॉल्ट शेवाळलेला असतो. तेवढे महिने नव्या माणसानं काय करायचं? मागच्या मोसमात आमच्या ग्रुपमध्ये नवीन आलेल्यांपैकी भिंतीवर सराव केलेल्यांना गाठी, बिले, पायांवर वजन टाकणं हे सांगावं लागलं नाही. त्यामुळे कातळाबद्दल बोलायला वेळ मिळाला. बाकीच्यांचा पूर्ण दिवस हार्नेस घालण्यात आणि 'दोर सैल सोड' ओरडण्यात गेला.

डोंगरआजोबा
हे मान्य. पायांवर चढणं आणि दोराची शिस्त भिंतीवर येते. माझा आक्षेप एवढाच, की जिममध्ये अवघड ग्रेड चढणारी पोरं थेट सुळक्यावर पुढे चढायला निघतात. निशिगंध ताई, तुम्ही असं करू नका. पहिला मोसम जाणत्या माणसामागून चढा.

निशिगंध
आजोबा, तुमचं वाक्य वहीत लिहून ठेवलं. आणि कातळवेडा, बोल्टनट, मनापासून आभार. भिंतीच्या मागे बघायचं हे कधीच सुचलं नसतं.

गोदाकाठ
मी पालक म्हणून लिहिते. माझा मुलगा दोराच्या भिंतीवर जातो. जवळ असण्याला कमी लेखू नका. सिंहस्थाच्या कामांमुळे द्वारकेपासून कुठेही जायचं तर आधीच दम निघतो. आठवड्यातून दोनदा जायचं म्हणजे शाळा, क्लास, स्वयंपाक सांभाळून जायचं. लांबची उत्तम जिम दोन महिन्यांत सुटते, जवळची साधी जिम वर्षभर टिकते. कॉफीची सोयही वाईट नाही. दीड तास बसणाऱ्या आईबापांना बाक, पंखा आणि स्वच्छ बाथरूम लागतं.

मुलांच्या बॅचमध्ये एका प्रशिक्षकामागे किती मुलं असतात, हे नक्की विचारा. आमच्याकडे आधी जिथे होतो तिथे एक दादा पूर्ण गर्दी सांभाळायचा आणि मुलं रांगेत ढकलाढकली करत उभी. चढायला मिळायचं दोनदा, उभं राहायचं तासभर.

रानजाई
बायकांसाठी दोन-तीन गोष्टी. कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का? प्रशिक्षक हार्नेस नीट करताना आधी विचारतो का, की सरळ पट्टा ओढतो? चांगला प्रशिक्षक दुरून सांगून तुम्हालाच करायला लावतो, कारण ते तुम्हाला यायला हवं.

आणि वजनाचा मुद्दा कुणीच काढला नाही. माझा नवरा माझ्यापेक्षा बराच वजनदार. तो वरून सुटला की मी बिले देता देता हवेत उचलली जाते. अशा जोडीसाठी जमिनीला अँकर लागतो, नाहीतर वाळूची पिशवी, किंवा दोराचं घर्षण वाढवणारं उपकरण. त्या जिममध्ये यातलं काही आहे का, आणि वजनातला फरक बघून जोड्या लावतात का, हे विचारा. तुम्ही आणि लेक जाणार म्हणजे तुम्हाला हे उलट बाजूनं लागणार. ११ वर्षांची मुलगी तुम्हाला बिले देऊ शकणार नाही. मग तुम्हाला बिले कोण देणार?

निशिगंध
अगं खरंच, हे डोक्यातच आलं नव्हतं! शेडमध्ये ऑटो बिले म्हणून एक पेटी वर लावलेली दिसली. एकट्या माणसाला त्यावर चढता येतं म्हणाले.

तिखटजाळ
ऑटो बिले म्हणजे मशीन ना? आपल्याकडे दर गुरुवारी महावितरणची कृपा असते. वर लटकलेलो असताना लाईट गेली तर?

बोल्टनट
काही होत नाही. चुंबकी ब्रेकवाल्या पेट्यांना वीज लागतच नाही. आतल्या धातूची चकती चुंबकांमध्ये फिरायला लागली की भोवरी प्रवाह तयार होतात आणि तेच तिला अडवतात. जितक्या जोरात पडाल तितका ब्रेक जास्त. लाईट असो नसो, सावकाशच खाली येता.

पण या पेटीची ठराविक मुदतीनं अधिकृत केंद्राकडून तपासणी आणि सर्व्हिसिंग व्हावं लागतं. पेटीवर पुढच्या तपासणीची तारीख असते. ती वाचा. तारीख उलटून गेली असेल तर त्यावर चढू नका, लेकीला तर नाहीच.

कातळवेडा
ऑटो बिलेवरचे जगभरातले गंभीर अपघात बहुतेक करून पेटी बिघडल्यानं होत नाहीत, पट्टा हार्नेसला लावायचाच राहून गेल्यानं होतात. माणूस गप्पा मारत येतो, हाताला चॉक लावतो आणि चढायला लागतो. म्हणून चांगल्या जिममध्ये भिंतीच्या पायथ्याशी मोठं तिकोनी कापड आडवं लावलेलं असतं. पट्टा काढून हार्नेसला लावल्याशिवाय ते बाजूला होत नाही. हे कापड आहे का बघा.

लेक स्वतः कॅराबिनर लावणार असेल तर लावल्यावर मोठ्यांना दाखवल्याशिवाय चढायचं नाही, हा घरचा नियम करून टाका.

पावलीचापाऊस
मी नव्या बोल्डरिंगवाल्यांच्या बाजूनं बोलतो. इथे सगळ्यांनी दोरावरच गाडी नेली. बोल्डरिंगला जोडीदार लागत नाही, गाठी लागत नाहीत, ऑफिसमधून सुटल्यावर एकट्यानं जाता येतं. भिंत साधारण चार-साडेचार मीटरची. ताकद, तोल, हालचाल शिकायला याच्यासारखं दुसरं नाही. अवघड जागा पुन्हा पुन्हा करून बघता येते. आणि वातावरण! अनोळखी माणसं 'डावा पाय वर घे' म्हणून ओरडतात. मी नाशिकमध्ये बदलीवर आलो, इथले माझे सगळे मित्र गादीवर बसून झालेले आहेत.

कातळवेडा
वातावरणाबद्दल शंभर टक्के सहमत. पण बोल्डरिंग कमी धोक्याचं हा समज नको. दोराच्या भिंतीवर पडलं तर दोर पकडतो, बोल्डरिंगमध्ये प्रत्येक पडणं थेट जमिनीवर. घोटा, गुडघा, मनगट, कोपर, दुखापती इथल्याच.

म्हणून गाद्या बघा. एकच अखंड गादी उत्तम. तुकडे जोडलेले असतील तर जोडावर पाय दाबून बघा. पावलाएवढी फट उघडत असेल तर घोटा तिथेच मुरगळणार. टाचेनं जोरात दाबल्यावर खालची जमीन लागत असेल तर फोम बसलाय. भिंतीच्या पायथ्याशी, जिथे सगळे उतरतात, तिथेच आधी बसतो. आणि पहिल्या दिवशी पडायला शिकवतात का बघा. पाय खांद्याएवढे लांब, गुडघे सैल, पडल्यावर मागे लोळायचं, हात मागे टेकवायचे नाहीत. नवशिक्यांची मनगटं हात मागे टेकवल्यानं जातात. हे न शिकवता थेट 'जा चढा' म्हणणाऱ्या ठिकाणी एसी कितीही गार असला तरी जाऊ नका.

हाडवैद्य
फिजिओथेरपीत आहे, मुलांच्या बोटांबद्दल लिहिणं भाग आहे.

वाढत्या वयात बोटांच्या हाडांच्या टोकाशी वाढीच्या चकत्या असतात. त्या स्नायू आणि कंडरांपेक्षा कमजोर असतात. मोठ्या माणसाच्या बोटावर ताण आला तर बहुतेक वेळा कंडरेला धरून ठेवणारी पुली दुखावते, मुलांत ती वाढीची चकतीच दुखावू शकते. जास्त धोका साधारण १३ ते १६ वयात, वाढ जोरात असताना. चिन्ह एकच लक्षात ठेवा: बोटाच्या मधल्या सांध्याच्या वरच्या बाजूला दुखणं. असं दुखलं की चढणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. 'सवय होईल' म्हणून बर्फ लावून पुन्हा चढायचं नाही.

११ वर्षांच्या मुलीनं भरपूर वेगवेगळं चढावं. मोठे होल्ड, तिरक्या भिंती, खेळ, सगळं चालेल. पण बोटांवर लटकायच्या फळ्या, वजन बांधून लटकणं, पाय न लावता पट्ट्यांवर उड्या मारत चढणं यातलं काही या वयात नको. प्रशिक्षकाला विचारा: लहान मुलांना फिंगरबोर्ड करायला लावता का? उत्तर 'हो, लवकर ताकद येते' असं आलं तर ती जिम नको.

मोठ्यांसाठीही तेच. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, कंडरा आणि पुली महिनोन् महिने घेतात. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा पुरे, मध्ये विश्रांतीचा दिवस हवाच.

तिखटजाळ
विश्रांतीच्या दिवशी मिसळ चालते का डॉक्टर?

हाडवैद्य
चालते. पाव कमी, मटकी जास्त. आणि चढायला जायच्या तासभर आधी नको, तर्री खाऊन ओव्हरहँगला (बाहेर झुकलेल्या भिंतीला) उलटं लटकणं मला तरी सुचवता येणार नाही.

सातपूरकर
मिसळीवरून भांडण सुरू होण्याआधी सांगतो, त्यासाठी वेगळा धागा आहे.

प्रस्तरपोर
स्पर्धेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. स्पर्धेत तीन प्रकार: बोल्डर, लीड (दोर स्वतः अडकवत वर जायचं) आणि स्पीड (वेगात चढायचं). स्पीडची भिंत १५ मीटरची आणि तिच्यावरचा मार्ग जगभर एकसारखा, तेच होल्ड त्याच जागी. पॅरिसला पुरुषांत तो पाच सेकंदांच्या आत झाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये तिन्हींचं मिळून एकच पदक होतं, पॅरिसला २०२४ मध्ये स्पीड वेगळं केलं, २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये तिन्ही स्वतंत्र असणार आहेत.

आपल्याकडे स्पर्धा इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशन घेतं, आधी विभागीय, मग राष्ट्रीय. वयोगट असतात, त्यामुळे ११ हे सुरुवातीला चांगलं वय आहे. २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषकसुद्धा झाला होता. नाशिकच्या पोरांना तो रेल्वेनं काही तासांच्या अंतरावर होता.

स्पर्धा डोक्यात असेल तर एकच गोष्ट बघा: भिंतीवरचे मार्ग किती वेळानं बदलतात? आमच्या पहिल्या जिममध्ये वर्षभर तेच होल्ड तिथेच. सगळ्यांना पाठ झाले, आम्हाला वाटायचं आपण भारी झालो. बाहेरच्या स्पर्धेत अनोळखी भिंत समोर आली तर मार्ग वाचताच येईना. रूट सेटिंग, म्हणजे होल्ड हलवून नवे मार्ग लावणं, नियमित करणारा माणूस जिथे आहे, तिथे जा. बुटक्या आणि उंच, दोघांनाही जमेल असा विचार करून तो मार्ग लावतो का, हेही बघा. ११ वर्षांच्या मुलीचा हात जिथे पोचतच नाही असे मार्ग लावून 'उडी मार' सांगण्यात अर्थ नाही.

पावलीचापाऊस
सेटिंगचा मुद्दा लाख मोलाचा. आणि ग्रेडवरून, म्हणजे मार्गाच्या अवघडपणाच्या आकड्यावरून, जिमची तुलना करू नका. एका ठिकाणचा व्ही-टू दुसरीकडे व्ही-फोर असतो. नव्या जिम गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून ग्रेड सैल ठेवतात.

बोल्टनट
एप्रिल-मेचाही विचार करा. पत्र्याच्या शेडमध्ये तेव्हा दुपारी थांबवत नाही, घामानं होल्ड निसटतात. आत्ता पावसात उलट, हवेतल्या ओलीनं चॉकचा लगदा होतो. मोठे पंखे आणि चॉकची धूळ बाहेर काढायची सोय, दोन्ही हवं. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट, श्वासात जाऊन दम्याच्या माणसाला त्रास होतो. लेकीला दमा असेल तर लिक्विड चॉक वापरायला परवानगी आहे का विचारा.

डोंगरआजोबा
विषय निघाला म्हणून सांगतो. हरिहरच्या पायऱ्या ताई चढल्यात, त्याच गडाचा स्कॉटिश कडा बघितलाय का? डग स्कॉट या ब्रिटिश गिर्यारोहकानं तो १९८६ मध्ये चढला, म्हणून ते नाव. हा तोच माणूस, १९७५ मध्ये एव्हरेस्टच्या नैऋत्य बाजूनं माथ्यावर पोचलेला. जगातले डोंगर बघितलेल्या माणसाला आपल्या त्र्यंबकजवळच्या कातळावर हात टाकावासा वाटला. नाशिकच्या पोरांनी भिंतीवर जरूर शिकावं, पण नजर तिकडे ठेवावी. मला एवढंच म्हणायचं होतं.

उनाडपाखरू
आजोबा, दिवाळीनंतर एक दिवस आमच्या ग्रुपला तुमच्यासोबत यायचंय. ठोकून पकड ओळखायला शिकवाल का?

डोंगरआजोबा
शिकवेन. हेल्मेट सगळ्यांकडे हवं. ज्याच्याकडे नसेल त्यानं खाली बसून बघायचं.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे पुन्हा जाऊन आले, या धाग्यातले प्रश्न कागदावर उतरवून. जे दिसलं ते सांगते.

गंगापूर रोडच्या जागी गाद्या उत्तम, अखंड. पहिल्याच दिवशी सगळ्यांना पडायला शिकवतात, लेकीला दहा मिनिटं नुसतं पडायला लावलं आणि ती हसत होती. मार्ग नियमित बदलतात, पुढच्या बदलाची तारीख फळ्यावर लिहिलेली आहे. पण मुलांच्या बॅचमध्ये गर्दी फार. आणि लहान मुलांच्या बोटांबद्दल विचारलं तर शिकवणाऱ्या मुलाला उत्तर देता आलं नाही. हमीपत्र पूर्ण इंग्रजीत, दोन पानी, 'सही करा, काही नसतं त्यात' म्हणाले. मी वाचूनच सही केली.

शेडमध्ये दोघा सरांनी विचारायच्या आधीच दोरांची वही पुढे केली. भिंतीमागचा जोडही दाखवला, एका कोपऱ्यात गळत होतं तिथलं प्लाय काढून ठेवलेलं होतं. एक मोठा मुलगा ग्रीग्री सोडून फोन काढायला लागला तर सरांनी सगळ्यांसमोर चढाई थांबवून त्याला खाली उभं केलं. माझ्या बिलेसाठी मंगळवार आणि शनिवारी बायकांची बॅच आहे, तिथे जोडीदार मिळेल. ऑटो बिलेची तारीख मात्र उलटलेली होती. विचारल्यावर म्हणाले, तपासणीला पाठवायची आहे. आणि त्यांनी त्याच वेळी पट्टा वर गुंडाळून बांधून टाकला. मार्ग जुने आहेत हे खरं. महिन्यातून एकदा बदलू म्हणाले, बघू.

म्हणून मी शेड निवडतेय, तीन महिन्यांचे पैसे भरून. लेकही माझ्यासोबत तिथेच, आणि पंधरा दिवसांतून एक रविवार दिवसाचे पैसे भरून गंगापूर रोडला, नव्या मार्गांसाठी. वर्षाची ऑफर नाकारली. सातपूरकर, तुमचं खरं ठरलं, सोमवारी फोन आला, ऑफर वाढवलीय.

सातपूरकर
:)

गोदाकाठ
छान ठरवलंत. लांब पडतंय वाटलं तर सांगा. आमचा मुलगा शनिवारी त्याच रस्त्यानं जातो, गाडीत दोन जागा असतात.

निशिगंध
वा, नक्की. एक शेवटचा प्रश्न. शूज आत्ताच घ्यायचे का? लेकीचा पाय दर सहा महिन्यांनी वाढतो. आणि तिथल्या भाड्याच्या शूजमध्ये तिची बोटं पार दुमडली होती, सर म्हणाले घट्टच लागतात.

कातळवेडा
मोठ्यांना घट्ट, पण दुखेपर्यंत नाही. मुलांना अजिबात दुमडायचे नाहीत, बोटं सरळ राहिली पाहिजेत. तिच्यासाठी आत्ता भाड्याचेच, एक नंबर मोठे मागा. सपाट तळाचे आणि वेल्क्रोचे बघा, टोकाला खाली वळलेले नकोत. डिकॅथलॉनमध्ये लहान मुलांचे साधे मिळतात, दिवाळीत गोडी टिकलेली दिसली की घ्या. तुम्ही स्वतःचे मात्र महिन्याभरात घ्या. संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना घालून बघा आणि दुकानातच एखाद्या कडेवर अंगठ्याच्या टोकावर उभं राहा. टाच मागून निसटली तर तो नंबर तुमचा नाही.